हेडफोन जुना होतो म्हणजे नेमके काय जुने होते?

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : २०१३ साली घेतलेला, बंद कपांचा, वायर असलेला एक चांगल्या प्रतीचा हेडफोन अजून रोज वापरात आहे, मात्र गेल्या वर्षभरात त्याचा बेस ओसरल्यासारखा वाटतो. ड्रायव्हर, म्हणजे कपांतले आवाज काढणारे छोटे स्पीकर, वयोमानाने थकले असतील का? चांगल्या हेडफोनचे आयुष्य साधारण किती धरावे? आणि आता सेनहायझरचा दहा वर्षे वापरलेला एचडी ६०० कोणी विकत आहे, तर तो घ्यावा की सरळ ब्लूटूथचा नवा हेडफोन घ्यावा?

पुण्यात गेली सव्वीस वर्षे मी ध्वनिमुद्रणाची उपकरणे दुरुस्त करतो आणि त्यात हेडफोनांचा वाटा मोठा असतो. एवढ्या काळात माझ्या टेबलावर आलेल्या हेडफोनांपैकी केवळ वय झाले म्हणून ज्यांचा ड्रायव्हर निकामी झाला, असे हेडफोन हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकतो : तुमचे ड्रायव्हर बहुधा ठणठणीत आहेत. हेडफोनला एकच एक वय नसते. ड्रायव्हर तीस-चाळीस वर्षे सहज काढतो, डोक्यावरची पट्टी दहा-पंधरा वर्षे टिकते, वायर वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे चार ते दहा वर्षे चालते, कानावरची कुशन आपल्या हवेत दोन ते चार वर्षांत संपतात आणि आत बॅटरी असेल तर ती साधारण चार-पाच वर्षांत दमते. यांपैकी जो भाग बदलता येत नाही, त्याचे वय हेच त्या हेडफोनचे वय.

ड्रायव्हर इतका का टिकतो हे समजून घेण्यासारखे आहे, कारण लोक लाउडस्पीकरच्या अनुभवावरून हेडफोनबद्दल अंदाज बांधतात आणि तिथेच चुकतात. घरातल्या जुन्या स्पीकरच्या कोनाला कडेने फोमची झालर असते. पंधरा-वीस वर्षांत ती कुजून हाताला भुग्यासारखी लागते आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजू लागतो. हेडफोनच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये अशी झालरच नसते. पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ फिल्मचा एकच पडदा असतो, त्याचीच कड लवचीक राहील अशा वळ्या पाडून साच्यात दाबलेली असते आणि मधोमध तांब्याच्या किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारे वेटोळे, चिकटवलेली असते. ही फिल्म कुजत नाही. मागचे निओडिमियम चुंबक आपले चुंबकत्व पूर्णपणे गमावते ते सुमारे ३१० अंश सेल्सिअसला, आणि साध्या प्रतीच्या चुंबकालाही ८० अंशांपर्यंत धोका नसतो. त्यामुळे ‘चुंबक उतरले’ हे निदान कोणी केले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कॉइल जळण्याचा प्रश्नही क्वचितच येतो, कारण कानठळ्या बसवायलासुद्धा बहुतेक हेडफोनांना काही मिलिवॅट पुरतात आणि कॉइल त्याच्या कितीतरी पट सहन करते.

याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ साली आला, सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ साली आला, कॉसचा पोर्टा प्रो १९८४चा आहे, आणि हे तिन्ही नमुने अजून बाजारात नवे मिळतात. नमुना इतका काळ न बदलता चालतो तेव्हा जुन्या आणि नव्या नगाची शेजारी शेजारी तुलना करता येते. विसाव्या शतकातला हेडफोन आणि मागच्या महिन्यात पेटी फोडलेला त्याच नमुन्याचा हेडफोन यांवर सारखीच नवी कुशन चढवून ऐकले, तर फरक सांगताना माझ्यासकट भलेभले चाचरतात. कुशन न बदलता ऐकले तर मात्र फरक शेंबडे पोरही सांगेल.

तरीही ड्रायव्हर मरतात, पण वयाने नव्हे, अपघाताने. कॉइलपासून बाहेर येणारी केसाइतकी बारीक तार घामातल्या क्षाराने हिरवी पडून तुटते. असा हेडफोन जवळजवळ नेहमी व्यायामाला वापरलेला असतो. दुसरे कारण डोक्यावरचा केस. एखादा तुटका केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकला की ठरावीक स्वरांवर, विशेषतः तबल्याच्या डग्ग्यावर किंवा पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीत, कागद फडफडल्यासारखी खरखर येते. लोक ती ऐकून ड्रायव्हर फाटला असे समजतात. कुशन उतरवून, चांगल्या उजेडात, बारीक चिमट्याने तो केस काढला की हेडफोन पूर्ववत वाजतो. माझ्या दुकानात या कामाचे पैसे घ्यायला मला संकोच वाटतो. तिसरे कारण लोखंडाचा कीस. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारे एक गृहस्थ दोन वर्षांत तीनदा खरखरीची तक्रार घेऊन आले. तिसऱ्यांदा मी भिंगातून पाहिले तेव्हा पडद्यावर काळ्या मिशा उगवल्यासारख्या दिसल्या. ते हेडफोन ग्राइंडरशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवत आणि चुंबक आपले काम इमानेइतबारे करत हवेतला सगळा कीस ओढून घेत असे. चिकटपट्टीचा बोळा करून तो कीस टिपून घेतला, खिळ्याची जागा बदलली आणि तक्रार संपली.

आता तुमच्या बेसकडे वळतो. बंद कपांच्या हेडफोनमध्ये बेस हा ड्रायव्हर एकटा निर्माण करत नाही. ड्रायव्हर, कुशन आणि तुमचा गाल यांच्यामध्ये कोंडलेली हवा तो निर्माण करते. ही कोंडी कुठेही फुटली, अगदी सुतळीच्या जाडीएवढी फट राहिली, तरी खालचे स्वर त्या फटीतून निसटतात आणि उरलेला आवाज पातळ, थोडा कर्कश वाटतो. म्हणून एक साधी परीक्षा करा. ज्यात तंबोऱ्याचा खर्ज किंवा बास गिटार सतत वाजते आहे असे काही लावा आणि दोन्ही तळहातांनी कप कानांवर हलकेच दाबा. दाबल्याबरोबर बेस परत आला, तर दोष कुशनचा आहे. ड्रायव्हरचा असता तर दाबल्याने फरक पडला नसता. ही परीक्षा चष्मा काढून एकदा आणि घालून एकदा करावी. गेल्या वर्षभरातच तुम्हाला चाळिशी लागली असेल, तर चष्म्याच्या काडीखालून जाणारी फट हीच सगळ्या तक्रारीचे मूळ असू शकते. हे मी थट्टेने म्हणत नाही. अशी तीन-चार गिऱ्हाइके मी चष्मा काढायला सांगून परत पाठवली आहेत.

कुशन खराब होतात म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या वेगाने घडतात. वरचे आवरण बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेले रेक्झिन असते. पॉलियुरेथेनचे जे स्वस्त आणि मऊ प्रकार आहेत, त्यांच्या रेणूंचे दुवे पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतात. या प्रक्रियेला वापर लागत नाही, केवळ दमटपणा आणि उष्णता पुरते. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे कोकणातल्या माणसाच्या हेडफोनचे रेक्झिन देशावरच्या माणसाच्या हेडफोनपेक्षा लवकर पापुद्रे टाकू लागते. त्यात घाम आणि खोबरेल तेल यांची भर. तेल लावलेल्या डोक्यावर हेडफोन चढवण्याची सवय असेल तर कुशनच्या वरच्या कडेला, कानशिलापाशी, थर आधी फुगतो, मग चिकट होतो आणि शेवटी काळे कपटे गालाला चिकटू लागतात. कोणते कुशन पहिल्यांदा गेले आणि कुठल्या कडेने गेले, यावरून माणूस तेल लावतो का, आणि कोणत्या कुशीवर लोळून ऐकतो, हे बऱ्याचदा ओळखता येते.

दुसरी गोष्ट आतल्या फोमची. हा फोम रोज तास-दोन तास दाबला जातो आणि काही वर्षांत त्याची उसळी जाते. मूळची दोन सेंटिमीटर उंची दीडवर येते आणि कान ड्रायव्हरच्या जवळ जातो. हे इतके सावकाश होते की वापरणाऱ्याला कळतच नाही. त्याला फक्त एवढे जाणवते की पूर्वी गाणे मोकळे वाटायचे, आता कानात घुसल्यासारखे वाटते. मखमली आवरणाचे कुशन वरून वर्षानुवर्षे धड दिसते, पण आतला फोम तितकाच थकलेला असतो, म्हणून मखमलीच्या बाबतीत डोळ्यांवर न जाता बोटाने दाबून पाहावे. दाबलेला खड्डा सावकाश भरून येत असेल किंवा कानाचा आकार कायमचा उमटलेला असेल, तर कुशन बदलण्याची वेळ कधीच झाली आहे.

बदलताना शक्यतो मूळ कंपनीचीच घ्यावीत, हा सल्ला मी पैशांकडे पाहून देत नाही. कुशनची उंची, आतल्या भोकाचा व्यास, फोमचा घट्टपणा आणि आवरणातून हवा आरपार जाते की नाही, या सगळ्यांवर आवाज अवलंबून असतो. रेक्झिनच्या जागी मखमल चढवली तर कानाला गारवा मिळतो, पण बंद हेडफोनचा बेस हमखास घटतो. उलट, बाजारात मिळणारी जाडजूड, लुसलुशीत कुशन चढवली तर डोके सुखावते आणि कान ड्रायव्हरपासून लांब गेल्याने मधले स्वर मागे सरतात. तुमच्या नमुन्याची मूळ कुशन आता मिळत नसतील, तर बाहेरची घ्या. मात्र मग आवाज ‘पूर्वीसारखा’ होण्याची अपेक्षा सोडून द्या आणि नव्या आवाजाची सवय करून घ्या.

कुशन काढलेच आहेत तर आत आणखी एक गोष्ट पाहून घ्या. बऱ्याच हेडफोनांत ड्रायव्हरच्या समोर फोमची पातळ चकती असते. तुमच्या हेडफोनच्या वयाला ती बोट लावताच चुरगळण्याची शक्यता आहे आणि तो भुगा जाळीतून पडद्यावर पडला तर खरखर सुरू होते. म्हणून कप उलटा, म्हणजे तोंड जमिनीकडे करून धरा आणि चकती चिमट्याने काढा. फुंकर मारू नका. फुंकरीने भुगा आतच जातो.

वायरचा मामला सोपा आहे, पण तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याच. एका बाजूचा आवाज जातो-येतो, पिन जरा वाकडी धरली की परत येतो, हे लक्षण असेल तर दहापैकी नऊ वेळा तुटलेली जागा पिनपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असते, कारण फोन खिशात ठेवताना वायर तिथेच वाकते. तेवढा तुकडा कापून नवी पिन लावणे हे काम तसे अर्ध्या तासाचे, पण पहिल्यांदा करणारे इथे एका गोष्टीला फसतात. वायर सोलल्यावर आतल्या तारा लाल, हिरव्या किंवा निळ्या आणि तांबूस अशा रंगीत दिसतात. तो रंग म्हणजे त्या तारेवरचे लाखेसारखे इन्सुलेशन असते. ते जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा चांगला टपोरा थेंब घ्यावा आणि तारेचे टोक त्यात चार-पाच सेकंद बुडवून ठेवावे. थोडा धूर निघतो, लाख जळते आणि तारेला चांदीसारखी चकाकी येते. मधे रेशमासारखा पांढरा धागा असतो, तो ताण घेण्यासाठी असतो. तो सोल्डरखाली आला तर जोड कच्चा राहतो, म्हणून आधी कापून टाकावा. चांगली पिन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, आणि पिनेवर चार पैसे जास्त खर्च झाले तरी चालतील. ज्या हेडफोनची वायर कपापाशी काढता-घालता येते, त्याच्या बाबतीत हा सगळा खटाटोपच नाही. नवी वायर लावली की काम झाले. हेडफोन निवडताना मी ही गोष्ट आवाजाच्या खालोखाल महत्त्वाची मानतो.

प्लॅस्टिकबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पट्टी रुंद स्टँडवर ताणून ठेवली की तिची पकड ढिली होते, घडी होणाऱ्या हेडफोनांची बिजागरी आधी चिरते, आणि ज्यांच्यावर रबरासारखा मऊ लेप दिलेला असतो ते काही वर्षांनी गुळासारखे चिकट होतात. हा लेप आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढता येतो. खालचे प्लॅस्टिक रूपाने साधे पण टिकाऊ असते. कपाटात डांबरगोळ्या असतील तर तिथे हेडफोन ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्रकारची प्लॅस्टिके मऊ पडतात, हे माझ्याच घरच्या कपाटाने मला शिकवले आहे. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी, एवढी व्यवस्था कोकणच्या पावसाळ्याला पुरते. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करून घ्यावेत.

ब्लूटूथच्या हेडफोनबद्दल विचारले आहे, तर त्याचे गणित मांडूनच पाहू. लिथियम-आयन सेल साधारण पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येतो असे धरा. कानावर बसणारा मोठा हेडफोन एका चार्जमध्ये तीस तास चालत असेल, तर पाचशे चार्ज म्हणजे पंधरा हजार तास, आणि दिवसाला चार तास ऐकले तर दहा वर्षे. प्रत्यक्षात मात्र दहा वर्षे मिळत नाहीत, कारण सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने होतो. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लावलेल्या गाडीत विसरलेला हेडफोन एका दुपारीत बरेच आयुष्य गमावून बसतो. उलट कानात घालायच्या सुट्या बड्सचा सेल इवलासा असतो. एका चार्जमध्ये पाच तास धरले तर पाचशे चार्ज म्हणजे अडीच हजार तास, म्हणजे त्याच चार तासांच्या हिशेबाने पावणेदोन वर्षांच्या आतच पहिली उतरण लागते. शिवाय ते डबीत कायम शंभर टक्के भरलेले पडून राहतात, आणि ते लिथियमच्या सेलला मानवत नाही. म्हणून बड्स कितीही महाग असले तरी त्यांना मी टिकाऊ वस्तूंत धरत नाही.

मोठ्या हेडफोनचा सेल बदलता येतो का, हे त्याच्या बांधणीवर ठरते. काहींत चार स्क्रू काढले की लहानशा कनेक्टरने जोडलेला सेल समोर येतो. काहींत तो गोंदाने चिकटवून थेट सोल्डर केलेला असतो आणि कप उघडतानाच कपाच्या आतल्या खिट्ट्या मोडतात. सेलला तीन तारा असतील तर तिसरी तार तापमान कळवण्यासाठी असते. बाजारातला दोन तारांचा सेल तिथे बसवला तर सर्किट चार्जच घेत नाही, आणि तिथे युक्ती करून तिसऱ्या तारेला फसवणे हा उद्योग कोणी करू नये. फुगलेला सेल तर लगेच बाहेर काढावा. त्याला टाचणीसुद्धा लागता कामा नये. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येईल अशीच असावी लागणार आहे. त्या बाजारासाठी बांधणी बदलली की तोच माल आपल्याकडेही येईल अशी मला आशा आहे, म्हणून घाई नसेल तर महागडा ब्लूटूथ हेडफोन वर्षभर लांबणीवर टाकायला हरकत नाही. तो घेतलाच, तर वायर लावून बॅटरीशिवाय वाजतो की नाही, हे दुकानातच विचारा. असा हेडफोन बॅटरी मेल्यावरही निदान वायरचा हेडफोन म्हणून जगतो.

जे हौशी लोक स्थिरविद्युत तत्त्वावरचे, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेऊ पाहतात, त्यांना कोकणापुरता वेगळा इशारा द्यावा लागतो. स्टॅक्स या जपानी कंपनीच्या ‘प्रो’ जातीच्या हेडफोनांत पडद्यावर ५८० व्होल्टचा दाब कायम ठेवलेला असतो. दमट हवेत तिथे धूळ बसली की एक बाजू हळू वाजते किंवा बारीक चिरकू लागते. कोरड्या हवेत हेच हेडफोन दशकानुदशके चालतात. रत्नागिरीत मी घेणार नाही.

वयाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी दुकानदार सांगत नाही : हेडफोन बारा वर्षांनी जुना झाला तेव्हा कानही बारा वर्षांनी जुने झाले. पन्नाशीच्या पुढे बारा-चौदा किलोहर्ट्झच्या वरचे स्वर बहुतेकांना ऐकू येत नाहीत, आणि झांज किंवा चिपळ्यांची झळाळी कमी झाली असे वाटले तर त्याचे खापर हेडफोनवर फुटते. एक बाजू हळू वाटत असेल तर हेडफोन उलटा घालून पाहा. हळू बाजू हेडफोनबरोबर दुसऱ्या कानावर गेली तर दोष हेडफोनचा. त्याच कानाला राहिली तर आधी मळ काढून घ्यावा. ‘शंभर तास वाजवला की हेडफोन खुलतो’ या समजाबद्दलही माझे मत असेच आहे. त्या शंभर तासांत कुशन चेहऱ्याला बसते आणि कानाला त्या आवाजाची सवय होते. ड्रायव्हरमध्ये कानाला कळण्याइतका बदल झालेला मी कधी मोजू शकलेलो नाही.

आता एचडी ६००. हा नमुना १९९७ सालचा आहे आणि आजही बनतो. त्याची कुशन, वायर, जाळी, पट्टी आणि ड्रायव्हरसुद्धा एकमेकांत अडकवून बसवलेले आहेत, त्यामुळे सुटा भाग हाती आला की घरच्या घरी बदलता येतो. दीर्घायुष्याचे खरे रहस्य हेच आहे, पण ते कंपनीच्या हातात असते, आणि कंपन्यांची घरे बदलतात. सेनहायझरचा ग्राहकांसाठीच्या उत्पादनांचा विभाग २०२२ साली श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला; एकेजी या मूळच्या ऑस्ट्रियन हेडफोन कंपनीचे व्हिएन्नातले काम २०१७ साली बंद झाले. सुटे भाग आज मिळतात म्हणून पंधरा वर्षांनीही मिळतीलच असे नाही, म्हणून ज्याला हेडफोन खरोखर आयुष्यभर वापरायचा आहे त्याने एक जास्तीची वायर आणि एक जादा पट्टी घेऊन ठेवावी. कुशनचा साठा मात्र करू नये, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे फोम आणि रेक्झिन पेटीतही कुजतात. याच कारणाने ‘न उघडलेला, जुन्या साठ्यातला’ म्हणून मिळणाऱ्या हेडफोनला मी नव्याचा भाव देत नाही.

पैशांचा हिशेब असा होतो. वायरचा हेडफोन तीस हजारांचा धरा, दर तीन वर्षांनी तीन हजारांची कुशन आणि वीस वर्षांत दोनदा तीन हजारांची वायर. वीस वर्षांत एकूण चोपन्न हजार, म्हणजे वर्षाला सत्तावीसशे. ब्लूटूथचा हेडफोन पंचवीस हजारांचा आणि पाच वर्षांचा धरला तर वर्षाला पाच हजार. सोयीची किंमत म्हणून ती मोजायला हरकत नाही, पण ती मोजतो आहोत हे ठाऊक असावे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तुमच्या आताच्या हेडफोनला नवी कुशन चढवा. तळहाताच्या परीक्षेत बेस परत आला असेल तर एवढ्यानेच काम भागेल आणि एचडी ६००ची गरज उरणार नाही. शिवाय तो उघड्या पाठीचा आहे, त्यातला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, बंद हेडफोनसारखा बेस तो देणारही नाही, हे आधी लक्षात घ्या. तरीही मन जडलेच असेल, तर पाहायला जाताना मल्टिमीटर बरोबर न्या. पिनच्या टोकापासून मुळापर्यंत डाव्या बाजूचा रोध आणि मधल्या कड्यापासून मुळापर्यंत उजव्या बाजूचा रोध मोजा. दोन्ही तीनशे ओहमच्या आसपास आणि एकमेकांपासून चार-पाच ओहमच्या आत असावेत. प्रोब टेकवताना कपातून बारीकशी टक् ऐकू आली पाहिजे. पट्टी जिथे लांब-आखूड होते त्या दोन्ही जागी नखाने चाचपून चीर शोधा. मग फोनवरून वीस हर्ट्झपासून वर चढत जाणारा स्वर हळू आवाजात लावा आणि दोन्ही बाजूंना कुठे फडफड येते का ते ऐका. कुशनखालच्या चकत्यांचा भुगा किंवा केस असेल तर इथेच कळेल. हे सगळे पार पडले, तर कुशन आणि चकत्या नव्या घ्याव्या लागतील असे धरून तेवढी रक्कम सांगितलेल्या किमतीतून वजा करायला सांगा. विकणारा दहा वर्षांच्या वापरलेल्या कुशनला ‘अजून मस्त आहेत’ म्हणेल. त्याला बोटाने दाबून दाखवा.